गुरुवारनंतरचा शुक्रवार

सोमवार, २४ नोव्हेंबर
वजन सहा महिने जागच्या जागी आहे. कामोठ्याच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी आज काटा पाहून दुजोरा दिला. डॉक्टरांनी बंद केलेली साखरेची गोळीही बंदच राहणार. एकोणीस किलो उतरवणं एक आणि ते उतरलेलंच ठेवणं दुसरं, हे आता पुरतं कळलंय. आभार कोणाचे मानावेत ते सुचेना, म्हणून रिक्षावाल्याला दोनदा थँक्यू म्हटलं.

पण पुढे. मॅडमनी माझी वही मागितली. काय खाल्लं ते रोज लिहायचं असतं. ज्या दिवशी हात थांबत नाही, पोट भरलं तरी खातच सुटते, तिथे मी नुसतं ‘झ.’ लिहिते. झटका. मॅडमनी पानं उलटली.
“सगळे झ. शुक्रवारीच कसे?”
सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढते आहे. मला हे दिसलं नव्हतं.
“आणि गुरुवारची जागा कोरी का?”
उपवास असतो. खाल्लं नाही तर लिहायचं काय?

हसल्या नाहीत. गुरुवारी दिवसभर उपाशी राहिलेलं शरीर शुक्रवारी वसूल करतं, म्हणाल्या, इतकं ते साधं आहे. निदान काही महिने एकही जेवण चुकवायचं नाही. झटके थांबले नाहीत तर वजन आज ना उद्या परत येईल. नाही आलं तरी तुम्ही अशाच भीत भीत जगाल.

या गुरुवारी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आणि घरात आई, म्हणजे सासूबाई.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
निदान इथे तरी खरं लिहावं. गुरुवार मी देवीसाठी धरलेला नाही. गेल्या वर्षी एका झ.नंतर भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी जेवायचं नाही असं ठरवलं. सासूबाई ताट वाढायला आल्या. ‘डाएट’ म्हटलं असतं तर तासभर वाद. तोंडातून निघून गेलं, “आई, आज गुरुवार. उपवास धरलाय.” उपवास म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. आईंचे डोळे भरून आले. मग ते सोयीचंच पडत गेलं.

डोळे का भरले ते नंतर कळलं. सासरे गेल्यापासून आईंनी मार्गशीर्षातला घट मांडला नव्हता. आपण आता सवाष्णींना हळदीकुंकू द्यायचं नाही, ही त्यांची समजूत. मी तीन वर्षं वाद घातला, काही उपयोग झाला नाही. त्यांना वाटलं, सुनेने आपणहून हातात घेतलं. आता सगळ्या बिल्डिंगला सांगतात, माधवीचं वजन देवीने उतरवलं.

नवऱ्याला, अनंतला, उपवास बंद करावा लागणार एवढंच सांगितलं, झटक्यांचं नाही. न्हावा शेव्याला अडकलेले कंटेनर सोडवणं हे याचं काम. घरातलं काही अडकलं असेल तर मात्र तसंच राहू द्यावं असं त्याचं मत. “मार्गशीर्ष जाऊ दे, मग आईला सांग.” 

गुरुवार, २७ नोव्हेंबर
घट, नारळ, पाच पत्री, सगळं आईंनी सहाला मांडून ठेवलेलं. पूजा केली, कहाणी वाचली. वाचताना आईंकडे बघितलं नाही.

दहा वाजता ब्लाउज आणायचा म्हणून खाली नसीमाकडे. माझे कपडे गेल्या दोन वर्षांत तिने चार वेळा आत घेतले, त्यामुळे तिच्यापासून लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. सांगितलं. तिने मशीन बंद केलं, तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ समोर ठेवली. मी दाराकडे बघत भरभर खात होते.
“ताई, आरामात खावा. दार लावलंय मी. आणि रोजा मीपण धरते, पण मगरिबला, दिवस बुडला की सोडते. तुमचा कदी सुटतो तेच कळत नाय.”

आधी चोरून बकाबका खायचे, आता चोरून साधा नाश्ता. ही प्रगती म्हणायची का? म्हणावी. दुपारी पुन्हा तिच्याचकडे वरण-भात.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
झ. नाही. दुपारी चार वाजले, पाच वाजले, पेपरचं जिल्ह्याचं पान घरूनच सातला छपाईला सोडलं. काहीच घडलं नाही. एरवी अशा दिवसाची बातमी होत नाही.

नसीमाला दुपारी पेरू नेऊन दिले.

गुरुवार, ४ डिसेंबर
आज दत्तजयंतीही. नसीमा दोन दिवस आपट्याला बहिणीकडे. स्टेशनजवळ डोसा खायचा ठरवून निघाले तर गेटवरच वरच्या मजल्यावरच्या दोघी. उपवास ना आज, चेहऱ्यावर कसं तेज आलंय, वगैरे. त्यांच्याबरोबर भाजी घेऊन परत आले. मग काम आलं. मग राहिलंच.

संध्याकाळी नैवेद्याला पुरणपोळ्या. आईंनी पुष्कळ केल्या. मी एक खाल्ली आणि मोठ्या संयमाने उठले. तो संयम नव्हता. मला तेव्हाही माहीत होतं.

शुक्रवार, ५ डिसेंबर
झ.
दुपारी पावणेतीन. आई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मी ओट्याशी उभी. डब्यातल्या पोळ्या, थंड, तूप न लावता. चवीचं काही आठवत नाही. मग फरसाण, मग बिस्किटं. साडेतीनला संपलं, म्हणजे खायचं उरलं नाही म्हणून संपलं.

मॅडमना फोन केला. आधी कधी केला नव्हता. वाटलं, ओरडतील. त्यांनी विचारलं, “आठला काय जेवणार?” मी म्हटलं, आज काहीच नाही. “नाही. आठला जेवायचं. थोडं, पण ताट घेऊन, बसून. भरपाई केलीत की पुढचा झटका आजच लिहून ठेवलात.”

आठला बसले. भात, आमटी, काकडी. एवढं अवघड जेवण मी आयुष्यात जेवले नसेन. वहीत झ. खाली तेही लिहिलं.

शनिवार, ६ डिसेंबर
सकाळी आईंनी डबा उघडला. पोळ्या कुठे गेल्या?
अनंत चहा पीत होता. “मी नेल्या काल. ऑफिसात सगळ्यांना आवडल्या.”
काल तो साडेआठला घरून गेला तेव्हा डबा भरलेला होता. मी पाहिला होता.
“सांगून न्यायच्या की,” आई म्हणाल्या, पण खूश होत्या. “तूप दिलं असतं बरोबर.”
त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे याला माहीत आहे. आणि असं खोटं बोलण्याची ही पहिली वेळ नसणार, इतकं ते सहज होतं. 

दिवसभर तेच डोक्यात. मी लपवते, तो माझ्यासाठी लपवतो, आणि आई तुपाची वाटी घेऊन उभ्या. याच्याबद्दल कृतज्ञता वाटते आणि…

उद्या सांगायचं.

रविवार, ७ डिसेंबर
सांगितलं. अकरा वाजता, आई शेंगा सोलत होत्या. सगळं क्रमाने सांगितलं: झटके, भरपाई, ‘उपवास’ हा शब्द, पोळ्या कोणी खाल्ल्या. उपवास चालू ठेवता येणार नाही हेही.
शेंगा सोलणं थांबलं नाही. म्हणाल्या, “देवीला फसवलंस ते ती बघून घेईल. मला का फसवलंस?”
मी खाली सांडलेले दाणे गोळा करू लागले. 
“मी सगळ्यांना सांगत फिरले.”
आणि अनंतला, तो आत पेपर वाचत होता तरी, “तूही तिला सामील.”

मंगळवार, ९ डिसेंबर
आई बोलत नाहीत. कामापुरतं, तेही अनंतमार्फत. उद्यापनाला पाच जणींना बोलावणं कधीच गेलंय. ते मोडायचं का, कोण विचारणार?

झ. नाही. तिन्ही जेवणं वेळेवर. भांडण चालू असतानाही जेवता येतं, म्हणजे फक्त जेवता येतं, ही माझ्यासाठी बातमी आहे.

गुरुवार, ११ डिसेंबर
सकाळी उठले तर घट मांडलेला. नवा ब्लाउज, साडी पलंगावर काढून ठेवलेली. मी दारातच उभी राहिले.
आई म्हणाल्या, “कुंकू मी लावायचं नाही, आणि तू उपाशी राहायचं नाही. मग उपवास माझा, हात तुझे. बस पूजेला.”
असं चालतं का, मी विचारलं.
“कहाणीत कुठे लिहिलंय चालत नाही म्हणून? तू वाचतेस ना दर गुरुवारी?”
वाचते. नाही लिहिलेलं.

एक वाजता टेबलावर माझं ताट झाकून ठेवलेलं. दोन पोळ्या, फ्लॉवर, वरण-भात, कोशिंबीर. समोर आई राजगिऱ्याचा लाडू आणि ताक घेऊन बसल्या. मला जेवताना बघत होत्या, परीक्षेच्या हॉलमधल्या बाईंसारख्या. भाजी आवडली तरी पुन्हा वाढून घ्यावी की नाही ते कळेना. शेवटी घेतली. नंतर म्हणाल्या, “हे झटक्यात धरायचं का?” नाही, म्हटलं, ही भाजी. 

वहीत गुरुवारची जागा भरली.

शुक्रवार, १२ डिसेंबर
चारच्या सुमाराला फार जवळ आलं होतं. उठले, स्वयंपाकघरापर्यंत गेले. केळं आणि मूठभर शेंगदाणे घेतले, खुर्चीवर बसून खाल्ले. ती ओढ वीसेक मिनिटं राहिली आणि गेली. जाते, हे मॅडम सांगत होत्या. मी पहिल्यांदा जाताना पाहिली.
पान सातला दहा मिनिटं कमी असताना सोडलं.

बुधवार, १७ डिसेंबर
उद्या उद्यापन. मॅडमशी बोलणं झालं. उद्या पोळी खायची, जेवणाचा भाग म्हणून, सगळ्यांबरोबर. परवा सकाळी अकराला कामोठ्यात या, म्हणाल्या, आणि घरातल्या कोणाला तरी घेऊन या. मला वाटलं अनंत. आई पलीकडून म्हणाल्या, “मी येते.”

तुम्हाला काय विचारायचंय त्यांना, असं म्हटलं.
“आग्रह किती वेळा करायचा ते विचारते. एकदाही नाही केला तर वाढणारीला बरं वाटत नाही. आणि तू नाही म्हणालीस की ते खरं धरायचं, का लाजून म्हणालीस?”
मी म्हटलं, मलाही नेहमी कळत नाही.
“मग दोघींचं विचारू.”

उरलेल्या पोळ्या वाटून टाकू या का, हेही मी विचारलं. नको म्हणाल्या, घर आहे, घरात पोळ्या असायच्याच, किती वेळा वाटणार. अनंतने वर बघितलं, पुन्हा पेपरात गेला. मला त्यांचं पटतं. भीतीही वाटते. दोन्ही लिहून ठेवते.

उद्या संध्याकाळी सहाला पाच जणी येतील. नसीमालाही जेवायला बोलावलंय, आईंनीच. शुक्रवारी अकराला कामोठे, एकपर्यंत घरी, एकला जेवण. त्यानंतर आई भजनाला जाणार, अनंत न्हावा शेव्याला. तीनपासून मी, डब्यातल्या पोळ्या आणि जिल्ह्याचं पान. ते सातला जाईल.