जाफन्यातली विहीर

३ ऑगस्ट २०२५, रविवार
गावाच्या मुंबई मंडळाचा फोन. विहारासमोर फलक लावणार — 'गावचे शहीद जवान'. पंधरा तारखेला अनावरण. नावं दोन, दादूचं आणि माझं. मी अजून जिवंत आहे हे मला सांगावं लागलं! मग अध्यक्ष प्रज्ञेश म्हणाला, "बरं, मग तुम्ही दहा मिनिटं बोला. कारगिलवर."
कारगिल नाही रे बाबा. श्रीलंका. जाफना. सत्त्याऐंशी साल.
"तिकडं पण युद्ध झालेलं?"
फोन ठेवला. नाहीतर तोंडातून नको ते गेलं असतं.

५ ऑगस्ट
भाषणाच्या तीन ओळी लिहिल्या. फाडल्या. श्रुती म्हणते, "पप्पा, तुम्ही बोला, मी टाइप करते." मग विचारते, "भीती वाटायची का?" लेक गुणी आहे, पण काय सांगू तिला! शांतता राखायला जाताय असं सांगून पाठवलेलं. भाषा कळेना, शत्रू कोण तेही कळेना. सकाळी केळी विकणारा संध्याकाळी बंदूक घेऊन समोर. बूट काढला की पायाची साल निघायची. हे टाळ्या वाजवायला आलेल्या लोकांना सांगायचं?

७ ऑगस्ट
सोनूबाई काकीचा निरोप — भाषणात माझ्या दादूचं सांग. दादू तिचा एकुलता एक. आमच्या शेजारचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो. त्याची ट्रंक मीच घरी आणली. तेव्हा काकीला सांगितलं, समोरासमोर लढताना छातीत गोळी लागली, जागच्या जागी गेला. अडतीस वर्षं ती हेच सगळ्यांना सांगते.
सगळं खोटं.

९ ऑगस्ट
इथे तरी खरं लिहितो. एका ओसाड घराच्या परसात विहीर होती. तिच्यावर पाणी काढायची लाट — आडवा लांब वासा, मागच्या टोकाला धोंडा, पुढे पोहरा. हुबेहूब आमच्या वाडीतली! एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा घरचं काहीतरी दिसलं. कुठल्याही घरातल्या वस्तूला हात लावायचा नाही, असा सक्त हुकूम होता. पंजाबची, राजस्थानची पोरं त्या लाटेकडे बघतसुद्धा नव्हती. दादूने बंदूक भिंतीला टेकवली आणि हसत दोरी ओढली. तिला सुरुंग जोडलेला होता.
शत्रू समोर नव्हताच.

११ ऑगस्ट
फलकाचा मजकूर व्हॉट्सॲपवर आला. माझं नाव काढलंय, उपकार! दादूपुढे 'शत्रूशी निकराने झुंजताना धारातीर्थी पडले'. प्रज्ञेशला फोन केला — नुसतं नाव आणि साल लिही.
"राजेंद्रदादा, पोरांना स्फूर्ती नको का?"
स्फूर्ती! डोकं फिरलं. राग निघाला श्रुतीवर. भात कच्चा आहे म्हणून ओरडलो. कच्चा नव्हता.

१२ ऑगस्ट
भाषण होत नाही माझ्याने.

१३ ऑगस्ट
ठरलं. फलकावर त्यांना हवं ते लिहू देत. काकीसमोर मी पुन्हा खोटं बोलणार नाही. आधी तिला घरी जाऊन सांगायचं. गावी जायला उद्याची पूर्णगडची एसटी. श्रुती म्हणते, "ऐंशीला आलेल्या बाईला आता कशाला सांगायचं? एवढ्याच आधारावर जगल्या त्या." ते मलाही कळतं. स्वतःचं ओझं उतरवायला तिच्या डोक्यावर टाकतोय, हेही कळतं. तिने दारातून हाकललं तरी बोलायचं नाही काही.

१४ ऑगस्ट
सांगितलं. विहीर, लाट, हुकूम, सुरुंग — सगळं. काकी खाली बघत ऐकत होती. मग एकच विचारलं, "तान कुनाला लागलेली?"
मला, म्हटलं. मीच म्हटलं होतं, दादू, पाणी काढ.
उठली. भिंत धरत आत गेली. बराच वेळ आली नाही. मग भरलेला तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला.
"पी."