कमरेएवढी दोरी

३ डिसेंबर १९८९
बंब पेटला की हे मागच्या दारात पाट टाकून दाढीला बसायचे. मी अंगण झाडून, सडा टाकून, चहाचं आधण ठेवून येईपर्यंत यांचा एक गाल झालेला असायचा. तलावावर धुकं असलं की म्हणायचे, "बघ, पाणी कुणीतरी चुलीवर ठेवलंय." मी म्हणायची, "तुम्ही आधी दुसरा गाल करा." ती सकाळ कुठली, ते सांगता येणार नाही. सगळ्या तशाच होत्या. हे गेल्याला या थंडीत तीन वर्षं होतील.
आज तसंच धुकं होतं. म्हणून.
मागच्या दोन खोल्यांत नवरा-बायको राहायला आले. नाना धुळ्याला लाइनमन होते, आता रिटायर. गाव पारोळ्याकडचं. बायकोला सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते.

६ डिसें.
नानांनी त्यांच्या दारापासून तलावाच्या पायरीपर्यंत दोरी बांधली. कपडे वाळत घालायला म्हणे. गाठी बघत राहाव्यात अशा. पण दोरी कमरेएवढीच उंच.
म्हटलं, "नाना, लुगडं मातीत लोळेल."
"ताई, जन्मभर वर चढून तारा बांधल्या. आता हात वर जात नाही."
खरं वाटलं.

११ डिसें.
असोद्याची वांगी मिळाली. अक्कांना म्हटलं, भरीत तुम्ही करा. अंगणात पऱ्हाटी, कापसाच्या वाळल्या काड्या, पेटवून भाजायला बसल्या. वांगी बघत नव्हत्या, मान एकीकडे करून ऐकत होत्या. आतून सुं सुं थांबलं की म्हणायच्या, "हाई झायं." आणि ते झालेलंच असायचं. कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी परातीत गोल फिरली, कुठे जाडी नाही, चीर नाही. चाळीस वर्षं मी भाकरी थापते, अशी एक नाही जमली. नाना मिठाचा, तिखटाचा डबा वापरला की बोटभरही न हलवता जागच्या जागी ठेवत होते.
मी ताट पुढे केलं. अक्कांचा हात वीतभर बाजूला गेला, मग वळून ताटाशी आला.
तेव्हा कळलं. दोरी कशासाठी, तेही.

१९ डिसें.
बोरं. आमच्या मेहरुणची बोरं या दिवसांत पाटी-पाटी येतात. अक्कांनी पाटीभर घेतली, ओट्यावर निवडून वाळत घातली. बोटांनी दाबून, नाकाशी नेऊन किडकं बाजूला टाकतात. शंभरातली नव्वद बरोबर. त्या आत गेल्या की नाना येऊन बसतात, उरलेली किडकी वेचतात आणि पाण्यात भिरकावतात.
आतून आवाज आला, "बोरे खाई राह्यनात का? खोकला व्हई!"
नाना म्हणाले, "दोनच खाल्ली." आणि खोटंच खोकले.
मी तोंडाला पदर लावून आत आले. बऱ्याच दिवसांनी एवढं हसले.

२३ डिसें.
सकाळी नाना पाण्याच्या पायरीवर भेटले. मीच अक्कांच्या डोळ्यांचा विषय काढला. म्हणाले, "वर्ष झालं तिला दिसत नाही नीट. मोतीबिंदू असणार. मला कळलंय हे तिला कळू देऊ नका. मला काळजी लागली असं वाटलं की ती चूल सोडेल, आणि एकदा खाटेवर बसली की उठायची नाही."
कबूल केलं.

२८ डिसें.
दु. मी अक्कांना पेपर वाचून दाखवत होते. मी शाळेत गेले नाही, पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले, हे त्यांना फार आवडतं. पुन्हा पुन्हा विचारतात. आज मधेच म्हणाल्या, "ताई, माले दिसस नही. त्यासले सांगू नको."
मी म्हटलं, "त्यांना काही कळलं नसेल?"
हसल्या. "चाळीस वरीसमा त्यासनी एक बोर खादं नही. दात आंबतस. मंग बोरसमा हात घालीसन काय करतस ते? माले बठ्ठं माहीत शे."
मग का नाही बोलत? तर एकदा बोललं की नाना भाकरी थापायला बसतील, आणि आपल्याला डॉक्टरकडे नेतील. अक्कांच्या बहिणीचा डोळा ऑपरेशननंतर गेला. आहे एवढं तरी राहू दे, म्हणाल्या.
हेही कबूल केलं. आता दोघांची वचनं माझ्याजवळ.

५ जानेवारी १९९०
पेपरात आलंय, धुळ्याला डोळ्यांचं शिबिर. मोतीबिंदू मोफत. २२ तारखेला तपासणी, या हिवाळ्यातलं शेवटचं. मोतीबिंदू थंडीतच काढायचा, उन्हात जखम चिघळते, असं सगळेच सांगतात. म्हणजे हे गेलं की पुढचा हिवाळा. तोवर किती दिसणार?
अक्का समोर बसल्या होत्या. मी ती बातमी वाचली नाही. पान उलटलं.

६ जाने.
झोप लागली नाही. यांना जिना चढताना धाप लागायची. म्हणाले, मुलाला कळवू नको, उगाच पुण्याहून धावत येईल. मी कळवलं नाही. यांचा शब्द पाळला म्हणून तेव्हा बरंही वाटलं होतं.
पुढचं लिहवत नाही.

१५ जाने.
काल संक्रांत. आज दोघांना तिळगूळ द्यायला गेले आणि पेपर बरोबर नेला. दोघं शेजारी बसल्यावर ती बातमी मोठ्याने वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग म्हटलं, "मी दोघांचाही शब्द मोडते. तुम्हा दोघांना सगळं ठाऊक आहे."
अक्का पदराची गाठ सोडबांध करत होत्या. नाना भिंतीकडे बघत होते.
मग अक्काच म्हणाल्या, "दोरी बांधी तवय्हच माले समजनं व्हतं."
नाना म्हणाले, "मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही बोलनात का?"
मी उठून आले.

१८ जाने.
अक्का माझ्याशी बोलत नाहीत. पेपर नको म्हणाल्या. नाना रोज समजावतात, भिंतीतून ऐकू येतं. बहिणीच्या डोळ्याचं पुन्हा पुन्हा निघतं.

२१ जाने.
सं. अक्का स्वतः दारात आल्या, दोन्ही हातांनी चौकट धरून. डोळा जाईल की राहील, कुणी सांगेल का, असं विचारलं. मी म्हटलं, मला नाही सांगता येणार. खोटं बोलवेना.
मग म्हणाल्या, जाते. पण स्टँडवर दोरी कुठे आहे?
मागून नाना म्हणाले, "माझा हात धर."
"चार लोकसमा तुमना हात धरू? लोके हासतीन."
"वर्षभर अंधारात चालून दाखवलंस, आणि आता लोकांना भितेस होय?"
"हासतीनच," अक्का म्हणाल्या.
नानांनी माझ्याकडे बघितलं.
हे गेल्यापासून मी जळगावच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही.

२२ जाने., धुळे
तपासणीच्या रांगेत बसून लिहिते आहे. नंबर अजून लांब. पहाटे उठून तिघांच्या भाकऱ्या बांधल्या, घराला कुलूप लावलं आणि अक्कांचा हात धरून धुळ्याच्या गाडीत चढले.