पाखरांसाठी चवीपुरतं मीठ

१५ डिसेंबर, सोमवार

मुलगा दोन्ही नातवंडं सोडून गेला. शाळेला थंडीची सुट्टी. दारातच म्हणाला, आई, आठवडाभर बघू. तुला एकटीला झेपतंय असं दिसलं तर रविवारी मी चकार शब्द काढणार नाही. नाहीतर घराला कुलूप लावून आमच्याकडे चलायचं.

म्हणजे परीक्षा. चौथीतून शाळा सुटली त्यानंतरची पहिलीच. पास होणार. न व्हायला काय झालं?

हे पावसाळ्यात गेले. मला काही झालेलं नाही. उठते, आंघोळ करते, जेवते. लोक उगाच हात धरून बोलतात. रडून मोकळ्या व्हा म्हणतात. मोकळीच आहे की.

निश्चय: मुलांच्या हातात मोबाइल नाही. काहीतरी करायला लावायचं. नात म्हणाली, पाखरांसाठी खाऊ करू, शाळेत दाखवलाय. चरबी वितळवायची, त्यात दाणे घालायचे, गोळे थिजवून झाडाला टांगायचे. थंडीत पाखरांना ताकद येते म्हणे. मी म्हटलं, हे शाळेत शिकवतात? जन्मभर माणसं पोसली, चिमणी किती खाणार!

नात मोठी, नऊ वर्षांची. प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढते, म्हणून तिला वकीलबाई म्हणते. धाकटा मुंगळा. गोडाला चिकटला की सुटत नाही. दोघांनी सूप अर्धंच प्यायलं. प्रवासाने भूक मेली असेल.

१६ डिसेंबर, मंगळवार

खाटकाकडे गेले. चरबी मागितली. कोणासाठी विचारलं. म्हटलं, पाहुणे आहेत. किती माणसं? म्हटलं, माणसं नाहीत, चिमण्या. त्याने पैसे घेतले नाहीत, वर आवाज बारीक करून विचारलं, काकू, बऱ्या आहात ना?

चरबी वितळवली. ओट्स, शेंगदाण्याचा कूट, सूर्यफुलाच्या बिया. सवयीने चवीपुरतं मीठ टाकलं. बोट चाटून बघितलं. काहीच लागेना. आणखी मूठभर टाकलं. हल्ली मिठात दम राहिलेला नाही.

वकीलबाई किंचाळली, पाखरांना मीठ चालत नाही! म्हटलं, त्यांना काय जीभ नाही? अळणी कोण खातं? तिने मोबाइलवर काढून दाखवलं. मोबाइल बंद ठेवायचा ठरला होता, याची आठवण करून दिली.

दह्याच्या रिकाम्या डब्यांत भरून, दोऱ्या खोचून फ्रीजमध्ये ठेवलं. एका डब्यात मुंगळ्याचा मोजा गेला. राहू दिला.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळीच टांगले. खिडकीशी तीन स्टुलं मांडून बसलो. पाखरू नाही. लाजत असतील, नवीन जागा.

दुपारी एक कावळा आला. एक चोच मारली. मग चोच फांदीला पुसली. मग तारेला पुसली. मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे असा बघत बसला, जशा माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी बघत होत्या. गेला.

निदान एक गिऱ्हाईक झालं. सुरुवात चांगली आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार

शेजारच्या मांजराने हुंगलं, शिंकलं. बाकी कोणी नाही. विचार केला, चव कमी पडत असावी. दुसरा घाणा केला. या वेळी हात आखडला नाही.

कुंडीत पावाचे तुकडे सापडले, सूपही ओतलेलं. मुलं बिस्किटांवर जगतायत. सूनबाईने जिभा लाडावून ठेवल्यात, दुसरं काय. रविवारी तिला सांगणार आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

शेजारी नर्सबाई राहतात. कुंपणावरून वाटीभर सूप दिलं. एक घोट घेतला आणि थांबल्या. पाणी मागितलं. मग आणखी पाणी. मग विचारलं, काकू, तुम्हाला चव लागते ना?

म्हटलं, फर्स्ट क्लास लागते.

कधीपासून लागत नाही?

ऐकायलाच येत नाही बाईला. डॉक्टरांना दाखवून या म्हणाल्या. काय दाखवू, जीभ? लहान पोरासारखी? जाईन, सवड झाली की. आधी रविवार होऊ दे.

२० डिसेंबर, शनिवार

दुपारी जरा पडले होते. उठून बघते तर पोरांनी गॅस पेटवून स्वतःचे गोळे केलेले, बिनमिठाचे. पलीकडच्या फांदीला टांगलेले. आणि झाड नुसतं भरलेलं. चिमण्या एकमेकींना ढकलत होत्या, फुकट वाटप चालू असल्यासारख्या. माझे गोळे तसेच लोंबत होते.

म्हटलं, बघा, माझ्या गोळ्यांनी त्यांची भूक चाळवली. वकीलबाईने मुद्दा काढला नाही. तेव्हाच मला खटकलं.

खोदून विचारलं तेव्हा बोलली. आजी, सगळंच खारट असतं. सोमवारपासून. चहासुद्धा. बाबा म्हणालेत, तिला काही बोलायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं.

म्हणजे घरात हेर पाळले होते मी.

मुंगळा म्हणाला, मी मात्र खाल्लं हां आजी. पाणी पीत पीत.

उद्याचा बेत साधा ठेवायचा. बटाटे, भात, सूप. आमच्या घरात मीठ किती लागतं हे या हाताला ठाऊक आहे, जिभेला विचारायची गरज नाही.

२१ डिसेंबर, रविवार

मोजून चमचा घेतला. घातला की नुसताच घेतला, हे आठवेना. म्हणून पुन्हा घातला. मग मुंगळ्याने हाक मारली. परत आले, आणि खात्री असावी म्हणून आणखी एक.

मुलगा जेवायला बसला. मी समोर. पोरं माझ्याकडे बघत होती, मी त्याच्या घासाकडे. त्याने ताट पुसून स्वच्छ केलं. वर सूप मागून घेतलं. हूं की चूं नाही.

मनात म्हटलं, पास! डिस्टिंक्शन!

मग त्याने हात धुतले, दोन ग्लास पाणी प्यायला आणि स्टूल घेऊन माळ्यावरची माझी बॅग काढली.

मी म्हटलं, तू काही बोलणार नव्हतास. तो म्हणाला, बोललो का मी काही? आणि बॅगेवरची धूळ पुसत बसला. फार वेळ पुसत होता.

थंडीपुरती जातेय. माझ्या मर्जीने.

२३ डिसेंबर, मंगळवार

मुलाच्या घरी. हीटर आहे, लिफ्ट आहे. स्वयंपाकघरात मला काम नाही. मलाच नको होतं.

सूनबाईने वाटीत काहीतरी पिवळं, दाटसर वाढलं. माझ्याकडे बघत उभी राहिली. कोणाचं मन कशाला मोडा? चमचाभर घेतलं आणि म्हटलं, सुरेख झालंय गं, मीठ अगदी बेताचं.

मुलगा ताटात बघत राहिला.

नंतर मुंगळ्याने कानाशी येऊन सांगितलं, आजी, ते कस्टर्ड होतं.