बोटं बुडवलेली पेज

शुक्रवार, इथल्या आखातातल्या जनाबिया गावाहून परतल्यावर

लेकीने, तन्वीने, माझ्या वाढदिवसाला जपानी खानावळीत नेलं. खजुराच्या बागेमागे बैठं घर, आत लाकडी बाकं. काळपट, थंड शेवया सॉसमध्ये बुडवून खायच्या. सोबा म्हणतात. छान होत्या, पण पोट भरलं का? जाऊ दे.

शेवटी मालकीणबाईंनी झाकणाच्या भांड्यातून गढूळ गरम पाणी आणून ठेवलं. मी झाकण काढून बोटं बुडवली, चोळली, वर लिंबू मागितलं!

"बाबा, नो! दॅट्स फॉर ड्रिंकिंग!" तन्वी लालबुंद.

शेवया उकडलेलं पाणी म्हणे, उरलेल्या सॉसमध्ये ओतून प्यायचं. म्हणजे आमची पेजच की! आणि मी, दापोलीचा, पेजेत बोटं धुतली? आईने बघितलं असतं तर धपाटाच घातला असता.

बाईंनी हसत दुसरं भांडं आणलं. तन्वीने घोट घेतला आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजीच्या पेजेसारखं लागतं."

दापोलीत हीच पोरगी पेजेची वाटी सरकवून द्यायची! उद्या आईला फोन करून सांगतो, तुझी पेज जपानला वळसा घालून शेवटी नातीला आवडली. बोटांचं मात्र सांगणार नाही.