अंतऱ्याची दुसरी ओळ

अण्णा, मी धाकटी. तुमच्याकडे आम्ही दोघीच मुली गाणं शिकायला होतो, आणि नात्याने कोणी नसूनही तुम्ही आम्हांला थोरली आणि धाकटी म्हणायचात, म्हणून तेच लिहिते. तुम्हांला जाऊन चाळीस वर्षं होत आली. मी बहात्तरची झाले, गुडघे मांडी घालू देत नाहीत, तरी अजून गाते. मागच्या महिन्यात माझा एक अल्बम आला. आधीचे सगळे बंद खोलीत, चुकलं की पुन्हा गाऊन केलेले होते. हा मात्र भर मैफलीत, लोकांसमोर रेकॉर्ड झालेला पहिलाच, आणि बहुधा शेवटचा. इथे ग्वाल्हेरमध्येच झाला. तुम्ही असतात तर ऐकून दोन दिवस काही बोलला नसतात आणि तिसऱ्या दिवशी एक चूक सांगितली असतीत. ती चूक मीच सांगते. ती लपलेली नाही, सगळ्यांना ऐकू येते.

रविवारची सकाळ होती, एका शाळेचं जुनं सभागृह. अल्हैया बिलावल गायले. विलंबित मनासारखा झाला आणि मग मी तुमची, तुम्ही स्वतः बांधलेली बंदिश घेतली. ती तुम्ही एका उन्हाळ्यात आम्हां दोघींनाच दिली होती. सराफा बाजाराच्या मागची तुमची खोली, बाहेर ऊन रणरणतंय आणि तुम्ही पंखा बंद करायला लावताय, कारण पंख्याच्या घरघरीत तानपुरा नीट ऐकू येत नाही. वही उघडू द्यायचा नाहीत. थोरलीने एकदा तळहातावर पेनाने शब्द लिहून आणले, तर तुम्ही तिला अंगणातल्या नळावर पाठवलंत. "धुऊन ये. मग म्हण." ती हात धुऊन आली, आणि एकही शब्द न अडता तिने अख्खी बंदिश म्हटली. तुम्ही मिशीत हसलात. ते मी पाहिलं होतं.

ती बंदिश मी एकदा गायले, त्यानंतर इतकी वर्षं कुठे नाही, कुणाला शिकवलीही नाही. का, ते पुढे येतंच. या वेळी घेतली, कारण वय झालं. माझ्याबरोबर ती जाईल अशी भीती वाटली. अस्ताई झाली. अंतरा उचलला, पहिली ओळ म्हटली, आणि दुसरी आलीच नाही. अंतरा अर्धा टाकून पुढे जाणं आपल्या गायकीत बसत नाही, ते तुम्हीच अंगात भिनवलेलं. मी पहिली ओळ पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा घेतली. तबलजींनी माझ्याकडे पाहिलं, पेटीवाल्यांनी सूर धरून ठेवला, आणि माझ्या डोक्यात नुसता पांढरा कागद. तेवढ्यात पाचव्या-सहाव्या रांगेतून एका बाईचा आवाज आला. जाडसर, मधे थोडा फाटलेला, पण पक्का सुरात. तिने अख्खी ओळ म्हटली आणि नेमकी समेवर येऊन थांबली. मी ती उचलली आणि पुढे गेले. लोकांना वाटलं ठरवूनच केलंय, टाळ्या पडल्या. मी नीट पाहिलं. पांढऱ्या केसांची एक बाई मान खाली घालून बसली होती. पन्नास वर्षांनी दिसली, तरी मी थोरलीला ओळखलं. मैफल संपेपर्यंत ती निघून गेली होती.

आठवड्याने रेकॉर्डिंग करणाऱ्या गृहस्थांनी मला ऐकायला बोलावलं. ते आपल्यासारखेच इथले मराठी, पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. वाक्य मराठीत सुरू करतात आणि हिंदीत संपवतात. टाळ्या टिपायला सभागृहात माइक ठेवले होते, त्यातल्या एकात तिचा आवाज स्वच्छ आला होता. ते म्हणाले, "ताई, त्या बाईंची आवाज मी काढून टाकतो. दुसरी ओळ तुम्ही इथे बसून गा, मैं जोड़ दूँगा. कुणाला पता नाही चालणार."

"राहू द्या," मी म्हटलं.

"मग त्यांची परवानगी लागेल. नाव पण टाकावं लागेल. आहेत कोण त्या?"

मी म्हटलं, माझी गुरुबहीण. त्यांनी परवानगीचा कागद माझ्या हातात दिला.

आता ते सांगते, जे तुम्हांला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमच्या ओळखीचे एक मोठे गवई बाहेरगावाहून आले होते, आठवतं? तुमच्या एका शिष्येला ऐकून, पसंत पडली तर आपल्या संमेलनात बसवणार होते. तुम्ही थोरलीला निवडलंत. बरोबरच होतं ते, तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता आणि समजही. संध्याकाळी पाचची वेळ ठरली होती. आदल्या दिवशी पाहुण्यांचा बेत बदलला आणि तुम्ही मला म्हणालात, "घरी जाताना पाटणकर बाजारातून जा. थोरलीला सांग, उद्या सकाळी दहाला यायचं. विसरू नको." मी गेले. सायकल गल्लीच्या तोंडाशी उभी केली. वरच्या खिडकीतून तिचा रियाज ऐकू येत होता, हीच बंदिश. मी बराच वेळ उभी राहून ऐकत होते. असं मला कधी येणार नाही, एवढंच मनात येत होतं. मग सायकल वळवली आणि किला गेटला घरी आले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेले, पाहुणे घड्याळ बघायला लागले, आणि तुम्ही मला बसायला सांगितलंत. संध्याकाळी पाचच्या ठोक्याला थोरली आली, नवी साडी नेसून. निरोप कुणाला दिलास, असं तुम्ही मला तिच्यासमोर विचारलंत. मी म्हटलं, "तिच्या काकूंना सांगितलं. त्या हो म्हणाल्या." तिच्या विधवा काकू त्यांच्याकडेच राहायच्या आणि त्यांना कमी ऐकू यायचं. सगळ्यांना पटलं. थोरली रडली नाही. महिनाभरात तिने तुमच्याकडे येणं बंद केलं आणि वर्षभरात लग्न होऊन जबलपूरला गेली. मी संमेलनात गायले, मग दुसऱ्या संमेलनात, मग गातच राहिले.

परवानगीसाठी मी तिच्या घरी गेले. यजमान गेल्यावर ती ग्वाल्हेरला मुलाकडे परत आली आहे. दार तिनेच उघडलं. "ये. खुर्चीवर बस, खाली नको," म्हणाली आणि स्वतः कोथिंबीर निवडत बसली. परवानगीचं ऐकून तिला हसू आलं. "एक ओळ तर म्हटली. नाव कशाला? पण तू विसरली कशी? मी तर रोज म्हणते, पोळ्या लाटताना."

मग मी सांगितलं. गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते, वर आलेच नाही, काकूंना काही सांगितलं नव्हतं.

तिचे हात थांबले. "काकूला नाही सांगितलं?"

"नाही."

मला वाटलं आता ती गाण्याचं काढेल, माझ्या नावाचं काढेल. ती म्हणाली, "काकू शपथ घेऊन सांगायची, माझ्याकडे कोणी नाही आलं गं. मी म्हटलं, ऐकू नाही येत तर दारात जाते कशाला? किती दिवस मी तिच्या हातचं जेवले नाही. लग्नात सगळ्यांच्या पाया पडले, तिच्या नाही पडले. ती कोपऱ्यात बसून बघत होती. ती गेली तेव्हा जबलपूरहून मी आले पण नाही."

मी म्हटलं, माझं चुकलं.

"मला काय सांगते?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मला नाही मिळालं ते नाही मिळालं, त्यावर संसार झाला, मुलं झाली. काकूला कोण सांगणार?" कोथिंबिरीचं ताट तिने बाजूला सारलं. "आता तू जा. नाव टाक, नको टाकू, तुझी मर्जी. ओळ राहू दे."

अल्बमवर तिचं नाव आहे, माझ्या नावाखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सुनेने घेतला. दुसऱ्यांदा सूनच संकोचून म्हणाली, "आई रोज मोबाइलवर लावायला सांगतात, फक्त ती एक बंदिश. पण तुमचा फोन आला तर देऊ नको म्हणतात." मी आता करत नाही. बंदिश माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना दिली आहे, आणि दुसरी ओळ थोरली म्हणते तशी म्हणायची, माझ्यासारखी नाही, असं त्यांना सांगितलं आहे. काकूंचा चेहरा आठवायचा मी फार प्रयत्न करते. एकदाच पाहिल्या होत्या, जिन्यावर, पाण्याची बादली घेऊन चढताना. चेहरा येत नाही, बादली येते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून आणखी एक लिहून टाकते. त्या सकाळी दहानंतर मी थोरलीच्या जागी बसून ती बंदिश गायले, तेव्हा तुम्ही पाहुण्यांकडे न बघता माझ्याकडे बघून हलकेच "वा" म्हणालात. इतक्या वर्षांत तुमच्याकडून मला मिळालेला तो एकच. तो माझा नव्हता हे मला कळतं. तरी अण्णा, आज कोणी तो परत मागितला, तर माझ्याने देववणार नाही.