फ्लॉसीमावशीची न वळणारी बोटं

प्रिय फ्लॉसीमावशी,

फोन का नाही केलास म्हणून ओरडशील. पण फोनवर मला काय बोलायचं तेच सुचत नाही, हे तुला माहितीये. परवा तुझ्या ॲल्रॉयदादाने तिकडून व्हिडिओ कॉल लावला तेव्हा आई बोलत होती आणि मी कपाटाच्या बाजूला उभी होते. तू विचारलंस, अँजू कुठेय? आई म्हणाली, आहे की, पालीसारखी भिंतीला चिकटलेय. एरवी तू केवढ्याने हसली असतीस. परवा हसली नाहीस. म्हणून लिहायला बसले. नववीत शाळा सोडल्यापासून एवढं मोठं काही लिहिलेलं नाही, तर अक्षराचं तेवढं सांभाळून घे.

आधी इकडचं सांगते. तुझी वाडी बरी आहे. पालक आणि मेथी मी नि आई बघतो. विहिरीपाशी जिथे तुझा पाय सरकला, तिथलं शेवाळ मी खराट्याने घासून काढलं, आता ती जागा कोरडी ठणठणीत आहे. तुझी मांजर जेवायला आमच्याकडे येते आणि झोपायला तुझ्याच ओट्यावर जाते. आई तिला म्हणते, फ्लॉसीताईवर गेलीस, कुणाचं ऐकशील तर शप्पथ.

नंतर दादाने आईला फोन करून सगळं सांगितलं. खुब्यात रॉड बसलाय, हाड जुळलंय, डॉक्टर म्हणतात आता चालायलाच पाहिजे. आणि तू वॉकरला हात पण लावत नाहीस. वॉकरवर टॉवेल वाळत घालायचा, असं करून टाकलंयस म्हणे. कोणी उठवायला आलं की म्हणतेस, माझं झालं आता. दादा घाबरलाय गं. तो म्हणाला, पावसाआधी मम्मी सांडोरच्या घराच्या पायऱ्या चढायला लागली नाही तर वाडी दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकतो आणि तिला इथेच चंदनसारला माझ्या फ्लॅटवर ठेवतो. इथे लिफ्ट आहे, सगळं हाताशी आहे. हे सांगताना त्याचा आवाज बारीक झाला होता. त्याच्यावर चिडू नकोस. त्याला वाटतं मम्मीला उठायलाच लागू नये, म्हणजे ती पडणार नाही.

आम्हाला पण असंच वाटलं होतं. आठवतंय ना, नाताळचा तारा लावताना आई स्टुलावरून पडली तेव्हा? मनगट मोडलं ते प्लॅस्टरमध्ये बरं झालं. पण भीती काही प्लॅस्टरबरोबर निघाली नाही. बाथरूमपर्यंत जायचं तरी माझा हात पकडायची, आणि थोड्या दिवसांनी ते पण नको म्हणायला लागली. पप्पा बोटीवर. जो येईल तो सांगायचा, आता वय झालं, आराम कर. मी पण सगळं हातात द्यायचे. पाणी, रिमोट, मोबाइल, जपमाळ. मला वाटायचं मी किती सेवा करतेय. शाळेत जायचं नव्हतंच मला, बाईंनी उभं करून वाचायला सांगितलं की माझा आवाजच जायचा. त्यात आईचं हे झालं आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच. आम्ही दोघी घरात बसलो. तिचे पाय काड्यांसारखे झाले. दुपारी पेज नि लोणचं, रात्री परत पेज. चावायचा पण कंटाळा यायला लागला तिला.

फिजिओवाल्या मॅडम येऊन सगळं नीट दाखवून गेल्या होत्या. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचं. रोज अंडं, मासे, डाळ पोटात गेली पाहिजे, नाहीतर अंगात ताकद येणार कुठून, असं पण त्या बोलल्या. आई मान हलवायची, आणि मॅडम गेटबाहेर गेल्या की पाय वर घेऊन झोपायची.

मग तू आलीस. डोक्यावर पालकाचा भारा घेऊन. दारात उभी राहून काय रडलीस गं! माझी बोटं वळत नाहीत, मेल्या सगळ्या जुड्या बांधायच्या पडून आहेत, सकाळी बाजारात काय घेऊन जाऊ, माझं कपाळ? आई खुर्चीत होती. तिला तुझी दया आली. म्हणाली, आण इकडे, बांधून देते, त्यात काय एवढं. मनगट दुखत होतं तरी तिने जुड्या बांधल्या. तू समोर बसून हाय हाय करत होतीस आणि मला डोळ्याने खुणावत होतीस की चहा टाक.

दुसऱ्या दिवशी परत. फक्त बांधायचं सोपट तू आत मोरीपाशी विसरलीस. केळीच्या सुकलेल्या सालीचे ते दोरे नसले तर जुडी बांधणार कशी? तू हाक मारलीस, अँजू! मी उठणार, तेवढ्यात तू माझ्याकडे असं बघितलंस की मी परत खाली बसले. आई थोडा वेळ वाट बघत राहिली, मग खुर्चीचे हात धरून उठली, भिंतीला धरत आत गेली आणि बडबडत बाहेर आली. या बाईला वस्तू ठेवायची काही रीतच नाही! आणि ही पोरगी बहिरी झालीय!

मग तुझं विसरणं वाढतच गेलं. सोपट कधी मागच्या दारात, कधी तुझ्या ओट्यावर, कधी पार विहिरीपाशी. खुर्ची तू उसनी म्हणून घेऊन गेलीस ती परत आणलीच नाहीस, म्हणून आई आधी स्टुलावर, मग पाटावर आणि मग जमिनीवर बसायला लागली. जमिनीवरून उठताना पहिल्यांदा तिने तुझा खांदा धरला. मग माझा. मग नुसता गुडघ्यावर हात. आणि एक दिवस पाववाला आला म्हणून अशीच उठून गेली, कशाला पण न धरता. दारात गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तू वर बघितलं पण नाहीस. नुसती म्हणालीस, माझ्यासाठी पण दोन कडक पाव घे.

मांदेली तू तळून आणायचीस आणि सांगायचीस, एकटीला जेवण जात नाही. म्हणजे आईला बसावंच लागायचं तुझ्याबरोबर. जेवण झालं की तू तिच्या मागे बसून तिचा अंबाडा घालायचीस. एवढा घट्ट की तिच्या भुवया वर जायच्या. ती किंचाळायची, ताई, माझं डोकं आहे ते, भोपळा नाही! तू म्हणायचीस, सैल अंबाडा घातलेली बाई आजारी दिसते.

आणि मी तुला बघितलं होतं. तुझ्या घरामागे, दोन्ही हातात भरलेल्या बादल्या घेऊन तू केळीतून चालली होतीस. मग बादल्या ठेवून कोयता घेतलास नि घड उतरवलास. न वळणाऱ्या बोटांनी. मागे वळलीस तर मी उभी. तू एवढंच म्हणालीस, बोलशील कोणाला? मग स्वतःच हसलीस. ही कोणाला बोलणार! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या न बोलण्याचा कोणाला तरी उपयोग झाला, मावशी. तेव्हापासून मला माझ्या न बोलण्याची लाज कमी वाटायला लागली.

आता आई बाजारात बसते. पाटी स्वतः उचलते, रिक्षातून उतरताना कोणाचा हात धरत नाही. सकाळी चप्पल घालताना मुद्दाम एका पायावर उभी राहते, तू राहायचीस तशी, आणि तोल गेला की इकडेतिकडे बघते कोणी बघितलं का. मी तिच्या बाजूला बसते. भाव विचारला की सांगते. परवा एक बाई घासाघीस करत होती तर मी चक्क म्हटलं, काकी, याच्यापेक्षा कमी होणार नाही. आईने मान वळवून बघितलं हे नक्की कोण बोललं. शाळेबद्दल तू मला कधी लेक्चर दिलं नाहीस. एकदाच, जुडी बांधता बांधता, म्हणाली होतीस की दहावी बाहेरून पण देता येते, घाई नाही. मी अजून काही ठरवलेलं नाही. पण ते डोक्यात आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. दादाचा फोन झाल्यावर आई जुड्या बांधायला बसली. पालकाचा ढीग पुढ्यात होता. मग म्हणाली, ताईची बोटं कधी दुखलीच नव्हती. मी म्हटलं, तुला काय माहिती? तर म्हणाली, जिची बोटं वळत नाहीत ती असा अंबाडा घालते होय? पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले असते तर ती दुसऱ्या दिवशी कुठलं निमित्त काढून आली असती? तिला यायचं होतं. मला पण ती यायला हवी होती.

तर येत्या रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाऊन आम्ही दोघी चंदनसारला येतोय, मेथीचा भारा घेऊन. आई दारातच रडायला सुरुवात करणार आहे, माझं मनगट परत दुखायला लागलं, जुड्या कशा बांधू म्हणून. काल आरशासमोर तिची प्रॅक्टिस चालली होती, तुझ्याएवढं काही जमत नाही तिला. मी हे तुला लिहिलंय ते तिला माहीत नाही. तुला कळलं तर तू येड्यात काढशील, असं तिला वाटतं. मला नाही वाटत. तिला सगळं कळत होतं आणि तरी ती रोज उठली. तू पण तसंच कर ना मावशी. सगळं माहीत असून फस. जुड्या तू खुर्चीत बसून बांध, तेवढं चालेल. फक्त सोपट मी किचनच्या ओट्यावर विसरणार आहे. वॉकरवरचा टॉवेल मी आल्या आल्या काढून ठेवीन. तू हाक मारशील, अँजू! मी उठणार नाही. तू मला बहिरी म्हण, काय हव्या त्या शिव्या दे, मी भिंतीला चिकटून बसेन. तुझा इकडचा, सांडोरचा ओटा मी झाडून ठेवलाय.

तुझीच,
अजून न बोलणारी
अँजू