पुढचं दार मोडल्याबद्दल

विराबी, रविवार

प्रिय एनिडताई,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा, तुझी मांजर आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट, तिघांचीही तब्येत विचारतो. तिघांपैकी दोन चालत असतील तरी मला समाधान आहे. तू ॲडलेडच्या त्या वृद्धाश्रमात माझं नाव घालून मोकळी झालीस आणि ईस्टरच्या आत हो की नाही ते कळव म्हणालीस. उत्तर 'नाही' असं आहे. सविस्तर लिहितो, कारण गुरुवारच्या प्रकाराची खबर तुझ्यापर्यंत पोचलीच असणार, आणि या गावातून निघालेली खबर वाटेत किती फुगते ते तुला ठाऊक आहे.

आधी तू पाठवलेल्या कात्रणाबद्दल. त्यात म्हटलंय की विराबीची निम्मी वस्ती पासष्टीच्या पुढची, शाळा बंद, आणि घरटी माणसं सरासरी दीड. (दीड! मी तर एकटा राहतो, म्हणजे समोरच्या हिल्डाकडे दोन असायला हवीत. नवऱ्याला जाऊन इतकी वर्षं झाली, दुसरा कोण ते तिला एकदा विचारायला हवं.) लिहिणाऱ्या बाईंनी 'समाजजीवन मंदावले आहे' असंही ठोकून दिलंय. मंदावलंय कसलं! आपला फुटबॉलचा संघ शेजारच्या गावाच्या संघात मिसळला, तो त्याच्या पलीकडच्या संघात, आणि आता आपलीच माणसं खेळताना बघायला तासभर गाडी हाकावी लागते. पण आम्ही जातो, आणि पंचाला शिव्या पूर्वीसारख्याच घालतो. गावच्या रुग्णवाहिकेवरचा सगळ्यात तरुण स्वयंसेवक ग्रँटली. अठ्ठावन्नचा आहे, पण सगळे त्याला 'पोरगा' म्हणतात आणि शिडीवर चढायचं काम निघालं की त्यालाच हाक मारतात.

आता गुरुवार. तू गाव सोडल्यानंतर इथे एक पद्धत सुरू झाली. एकट्या माणसानं सकाळी आठच्या आत स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा वर करायचा. पडदा वर, म्हणजे माणूस जिवंत. माझा पडदा हिल्डा बघते, तिचा मी बघतो. गुरुवारी नऊ वाजले तरी माझा पडदा खालीच. झालं होतं एवढंच की मी न्हाणीघरात होतो आणि मला जरा वेळ लागला. (या वयात कारण विचारू नये.) हिल्डानं हातातला चहा संपवला, मगच फोन उचलला, आणि थोड्याच वेळात रुग्णवाहिका दारात. चालवायला पर्स टिलब्रुक, त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. शेजारी नोरीन, तिला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. दोघं मिळून एक धड माणूस होतो. मागे पोरगा, हातात कुऱ्हाड.

आणि गंमत बघ, माझं मागचं दार सताड उघडं होतं! पर्स जन्मभर त्याच दारानं आत येतो आणि न विचारता बिस्किटांचा डबा उघडतो. पुढचं दार आईला नेलं तेव्हा उघडलं होतं, त्यानंतर दोनदा रंग देऊन ते चौकटीला घट्ट चिकटलेलं. तरी सगळे पुढेच जमले. नंतर मी विचारलं, "अरे, मागून का नाही आलात?" तर नोरीन माझ्यावरच डाफरली, "वा रे वा! मेलेल्या माणसाच्या घरात मागच्या दारानं शिरायचं? काही रीतभात आहे की नाही?" म्हणून पोरग्यानं रीतीप्रमाणे पुढच्या दारावर कुऱ्हाड घातली. दार आडवं झालं, हिल्डा आत आली, मला पाहिलं आणि ओरडली, "सेल्विन, मेल्या, जिवंत आहेस होय!" सूर तक्रारीचा होता. मग मला गाडीत घालून दवाखान्यात नेऊन आणलं, केवळ गाडी बाहेर काढलीच होती म्हणून.

तोवर बोलिंग क्लबात अंड्याच्या सँडविचच्या कडा कापून झाल्या होत्या. कडा फक्त मयताला कापतात, एरवी कुणाला तेवढी उसंत नसते. आता एवढे सँडविच वाया कसे घालवायचे, म्हणून सगळा गाव माझ्या घरी आला आणि माझ्या मयताचं मी स्वतः पोटभर खाल्लं. (मोहरी जरा जास्त होती. सांगितलं, तर नोरीन म्हणे, "तू खाशील असं कुठे धरलं होतं?") क्लब सांभाळणाऱ्या क्लाइव्हनं तिथला झेंडा अर्ध्यावर उतरवून ठेवला होता. म्हटलं, "आता चढव की वर." म्हणाला, "राहू दे रे, खांदा दुखतो. महिन्याभरात कुणाला तरी लागेलच."

खरं सांगतो ताई, मला बरं वाटलं. तुझ्या त्या वृद्धाश्रमात बटण दाबलं की परिचारिका येते म्हणतेस. इथे काही दाबावं लागत नाही. तेव्हा माझा निर्णय पक्का, पुन्हा विषय काढू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
सेल्विन

ता. क. पुढच्या दाराला सध्या ताडपत्री ठोकलीय. वारा छान येतो.

ता. क. हिल्डाला तिचा मुलगा ईस्टरनंतर मेलबर्नला घेऊन चाललाय. घर रिकामं होईल. माझी स्वयंपाकघराची खिडकी त्या एकाच घरातून दिसते, दुसऱ्या कुठूनही नाही. त्या घराला पायरी एकच आहे, तुझ्या गुडघ्याला झेपेल. मांजर आणलीस तरी चालेल. तू माझ्याशी दिवसभर भांडशील हे मान्य, पण तू सकाळी लवकर उठतेस.

ता. क. मी न्हाणीघरात बसलो नव्हतो गं, पडलो होतो. पहाटेपासून फरशीवर होतो, हाका मारून घसा बसला. फार भीती वाटली. ज्यांनी उचललं त्यांनी कुणालाही न सांगण्याची शपथ घेतली आहे, म्हणजे आता सगळ्या गावाला माहीत आहे. तुझं यायचं जमतंय का ते लवकर कळव. नसेलच जमत, तर त्या वृद्धाश्रमातलं माझं नाव एवढ्यात काढू नकोस.